ऑनलाइन स्वप्रकाशन : पुस्तक आपले, हक्क आपला, फाइलही आपल्याकडेच

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला घराघरात वह्या दिसतात. कोणाच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन घेतलेल्या धम्मदीक्षेची हकिकत लिहून ठेवलेली असते. कोणाच्या वडिलांनी गावकीची कामे सोडल्यावर गावाने काय काय केले, याची तारीखवार नोंद केलेली असते. कोणाच्या आत्याने विहारात म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांची वही जपलेली असते. ज्यांनी दीक्षा पाहिली ती पिढी आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे आणि या वह्यांना वाळवी लागते आहे. शिकलेल्या नातवाला वाटते की याचे पुस्तक व्हायला पाहिजे. तो प्रकाशकाकडे जातो आणि दोनपैकी एक उत्तर घेऊन परत येतो : ‘हे चालणार नाही’ किंवा ‘एवढे पैसे भरा, काढून देतो’.

या दोन्ही उत्तरांच्या पलीकडचा मार्ग म्हणजे ऑनलाइन स्वप्रकाशन. लेखक किंवा त्याचा गट स्वतःच प्रकाशक होतो, पुस्तक ई-बुक म्हणून इंटरनेटवर ठेवतो आणि हवे असल्यास मागणी येईल तेवढ्याच प्रती छापून घेतो. हा मार्ग स्वस्त आहे, पण त्यात खाचखळगेही आहेत. तरुण कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र केली आहे.

आपल्या परंपरेत हे नवे नाही

महात्मा फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते पहिल्यांदा छापले गेले १९७९ मध्ये, म्हणजे १२४ वर्षांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’चा सुरुवातीचा भाग ‘दीनबंधू’ने छापला आणि पुढचा छापायचे थांबवले. ‘दीनबंधू’ हे तर सत्यशोधक चळवळीतलेच पत्र होते. छपाईची दारे फक्त परक्यांनीच बंद केली असे नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला सुरू झाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, आणि पत्र उभे राहिले ते शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांच्या मदतीवर. पुढे चळवळीने स्वतःचा छापखाना उभा केला. तो आधी ‘भारतभूषण’ आणि नंतर ‘बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस’ म्हणून ओळखला गेला.

या विषयातले सर्वात मोठे उदाहरण मात्र ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळाला काही भाग वगळून हवा होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशनच रद्द झाले. मग ते न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वतःच पुस्तक करून काढले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज तेच पुस्तक अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह कोणालाही फुकट वाचता येते. मंडळाने सुचवलेली काटछाट मान्य झाली असती तर आपल्या हातात कोणते पुस्तक आले असते, याचा विचार करून पाहा.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती त्रासदायक आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ छापण्याचा खर्च सुमारे २०,००० रुपये होता. तो आपल्या आवाक्याबाहेरचा असल्याचे बाबासाहेबांनी १४ सप्टेंबर १९५६ च्या पत्रात पंतप्रधान नेहरूंना कळवले आणि सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात असे सुचवले. दुसऱ्याच दिवशी नेहरूंचे उत्तर आले : त्यासाठीची रक्कम संपली आहे, पत्र डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवले आहे, आणि बुद्धजयंतीच्या समारंभात पुस्तक विक्रीला ठेवता येईल. पुस्तक बाहेर आले १९५७ मध्ये. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

म्हणजे स्वप्रकाशनाने शब्दावरचा ताबा राहतो, पण छपाईचा खर्च माणसाला वाकवतो. आज बदलले आहे ते दुसऱ्या भागात. ई-बुक काढायला कागद, प्लेट, बाइंडिंग, गोदाम काहीच लागत नाही. प्रकाशकाची बाकीची सगळी कामे मात्र आपल्याच डोक्यावर येतात.

‘पैसे भरा, काढून देतो’

पारंपरिक प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, जोखीम घेतो आणि विक्रीवर लेखकाला मानधन देतो. मराठीत हे मानधन साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, तेही हिशेब मिळाला तर. एका वस्तीच्या इतिहासाला दीड-दोनशे वाचक असतील, तर असे पुस्तक व्यावसायिक प्रकाशक घेणार नाही. त्यात दर वेळी जातीयताच असते असे नाही, पण कोणाचा अनुभव ‘सर्वांना आवडेल असा’ आणि कोणाचा ‘एका समाजापुरता’ हे कोण ठरवते, हा समाजशास्त्राचा जुना प्रश्न इथे आहेच. सांस्कृतिक भांडवल ज्यांच्याकडे आहे त्यांच्या आठवणी साहित्य होतात आणि आपल्या आठवणी ‘कागदपत्रे’ राहतात.

या पोकळीत पॅकेजवाले शिरले आहेत. ते स्वतःला प्रकाशक म्हणवतात, पण सगळा खर्च आणि वर नफा लेखकाकडूनच घेतात. आयएसबीएनसाठी वेगळे पैसे लावतात. नोकरीतल्या बढतीसाठी पुस्तक दाखवायचे असलेल्या प्राध्यापकांमुळे हा धंदा जोरात चालतो. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मित्राने कर्ज काढून असेच पुस्तक काढले. तीनशे प्रती घरी आल्या, त्या कॉटखाली राहिल्या. पुढे त्याने ई-बुक करायचे ठरवून फाइल मागितली तेव्हा ‘सेटिंग आमचे आहे, फाइल मिळणार नाही’ असे उत्तर आले. करारात सर्व हक्क कायमचे लिहून घेतले होते.

पैसे देऊन काम करून घेण्यात गैर काही नाही. डीटीपी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन ही मेहनतीची कामे आहेत आणि ती करणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. फक्त काम विकत घ्यायचे, हक्क विकायचे नाहीत. कोणाशीही व्यवहार करताना विचारायचे ते एवढेच : कॉपीराइट कोणाच्या नावावर, मूळ फाइल कोणाकडे, आणि न विकलेल्या प्रतींचे काय. उत्तर तोंडी नको, कागदावर हवे.

आयएसबीएनबद्दल तर गैरसमज फार आहेत. भारतात हा क्रमांक फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही करता येतो. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळखखूण. त्याने पुस्तकाला दर्जा मिळत नाही आणि कॉपीराइटही मिळत नाही.

कुठे ठेवायचे?

आधी ठरवा : पुस्तक विकायचे आहे की पोचवायचे आहे? बहुतेक जण ‘दोन्ही’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

विकायचे असेल तर अ‍ॅमेझॉनची केडीपी म्हणजे किंडल डायरेक्ट पब्लिशिंग ही सर्वांना माहीत असलेली सोय आहे. तिथे मराठी पुस्तक चालते आणि खाते उघडायला पैसे लागत नाहीत. लेखकाला ३५ किंवा ७० टक्के असे दोन पर्याय असतात. ७० टक्के ऐकायला छान वाटते, पण भारतातल्या विक्रीवर तो दर हवा असेल तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये घालावे लागते. त्यात एका वेळी ९० दिवसांची अट असते, आणि त्या काळात तेच पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पीडीएफ टाकली तरी अट मोडते. कार्यकर्त्याच्या पुस्तकाला ही अट जाचक आहे. आमच्या मते चळवळीचे पुस्तक असेल तर ३५ टक्के घ्यावेत आणि मोकळे राहावे.

गूगल प्ले बुक्सवरही पुस्तक विकता येते आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला ते सोपे जाते. पुण्याच्या बुकगंगावर मराठी वाचक मुद्दाम येतात, छापील आणि ई-बुक दोन्हीसाठी. प्रतिलिपीवर कथा-कादंबरी भागाभागाने लिहिणाऱ्यांना वाचक लवकर मिळतात, पण संदर्भासाठी लागणाऱ्या पुस्तकाची ती जागा नव्हे.

पोचवायचे असेल तर इंटरनेट आर्काइव्ह हे आमच्या पाहण्यातले सर्वात भरवशाचे ठिकाण. ती ना-नफा संस्था आहे, फाइल ठेवायला पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही घेत नाही. आजोबांची मूळ वही स्कॅन करून पुस्तकाशेजारी ठेवता येते, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढचा संशोधक मूळ हस्ताक्षर पाहू शकतो. मराठी पुस्तके विनामूल्य ई-बुक स्वरूपात वाचकांपर्यंत नेणारे ई साहित्य प्रतिष्ठानही आहे.

छापील प्रती हव्या असतील तर पोथी डॉट कॉम, नोशन प्रेस यांसारख्या ठिकाणी मागणीनुसार छपाई होते. वाचकाने मागणी नोंदवली की एक प्रत छापून त्याच्या घरी जाते. कॉटखाली गठ्ठे पडत नाहीत. पण एका प्रतीचा खर्च जास्त असल्याने किंमत वाढते. शंभर रुपयांत मिळायला हवी अशी पुस्तिका दोनशेला गेली की वस्तीतला वाचक ती घेत नाही. म्हणून शे-दोनशे प्रती एकदम हव्या असतील तर जवळच्या शहरातल्या डिजिटल छपाईवाल्याकडून दर घ्यावा आणि पाचशे-हजारच्या पुढे ऑफसेटचा विचार करावा. छपाईच्या ठिकाणी जी ‘पॅकेजेस’ दाखवतात त्यातले प्रसिद्धीचे पॅकेज तरी सोडून द्यावे. आपला वाचक कुठे आहे हे आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असते.

फाइल म्हणजे युनिकोड

इथे थोडे जास्त थांबतो, कारण मराठी पुस्तके सर्वात जास्त इथेच अडकतात.

आपल्याकडचे बहुतेक डीटीपीवाले वर्षानुवर्षे श्रीलिपी, कृतिदेव किंवा अशाच जुन्या फॉन्टमध्ये काम करत आले. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर नुसते दिसते, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असते. छपाईला त्याने काही बिघडत नाही. ई-बुकला सगळेच बिघडते : शोध लागत नाही, मोबाइलवर मजकूर अगम्य चिन्हे होऊन दिसतो, अंध विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. म्हणून डीटीपीवाल्याला काम देतानाच ‘युनिकोडमध्ये हवे’ असे सांगायचे आणि काम झाल्यावर पीडीएफसोबत मजकुराची मूळ फाइलही घ्यायची. नुसती पीडीएफ म्हणजे शिजवलेले अन्न. त्यातून तांदूळ परत काढता येत नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला ऱ्य मोडतो. पाली शब्दांची तर दैना होते. त्रिशरण-पंचशील चुकीचे छापलेल्या पुस्तिका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बदललेला मजकूर कोणीतरी ओळ न् ओळ मोठ्याने वाचून तपासलाच पाहिजे.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. राज्य मराठी विकास संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने केलेले यशोमुद्रा आणि यशोवेणु फुकट आहेत. तिरो देवनागरी मराठी, मुक्त, नोटो हेही फुकट आणि परवान्याच्या दृष्टीने मोकळे आहेत. फाइलमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायला विसरू नका. तसे केले की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

पीडीएफ की ई-पब? आपला वाचक पाच-सहा इंची मोबाइलवर वाचतो. पीडीएफचे पान तेवढ्या पडद्यावर सारखे मोठे करून इकडेतिकडे सरकवावे लागते. ई-पबमध्ये मजकूर पडद्याच्या मापाने बसतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. लिबर ऑफिससारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ई-पब काढता येते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर लोक पीडीएफच पुढे पाठवतात, हेही खरे. म्हणून दोन्ही करा, आणि पीडीएफ करताना ए-फोर ऐवजी लहान पान, मोठे अक्षर ठेवा.

हक्क कोणाचा?

कॉपीराइट म्हणजे स्वामित्वहक्क हा लिहिल्याबरोबर आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढे वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

प्रकाशकाला हक्क द्यायचेच असतील तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १९ वाचून जावे. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होते. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर ते पाच वर्षांचे मानले जाते. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर फक्त भारतापुरते. आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. कायदा इतका लेखकाच्या बाजूचा असताना आपली पोरे ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा कागदावर न वाचता सही करतात.

आजोबांच्या वहीचा हक्क आजोबांच्या पश्चात सर्व वारसांचा असतो. ज्याच्या कपाटात वही सापडली त्याचा एकट्याचा नव्हे. काका, आत्या, चुलत भावंडे यांची साध्या कागदावर का होईना लेखी संमती घ्यावी. पुस्तकांवरून भाऊबंदकी झालेली आम्ही पाहिली आहे. लेखकाच्या हयातीत न छापलेले लेखन पहिल्यांदा छापले की त्याचा हक्क त्या वर्षानंतर ६० वर्षे राहतो, हेही लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांच्या लेखनाबाबत नेहमी विचारले जाते. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची मूळ इंग्रजी संहिता १९५७ ची, म्हणून ती २०१८ पासून खुली. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ राज्य शासनाने १९८७ मध्ये पहिल्यांदा छापले, म्हणून त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत. आणि मूळ पुस्तक खुले असले तरी त्याच्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा किंवा प्रकाशकाचा असू शकतो. कोणाचाही अनुवाद उचलून आपल्या नावाने किंडलवर टाकणे ही चोरीच आहे, मग वर जयभीम लिहिलेले असले तरी. धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन खुले आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या हयातीतल्या पुस्तकांची मुदत २०२९ अखेर संपेल. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांची गाणी आपण कार्यक्रमात गातो म्हणून संग्रह छापायला मोकळे आहोत असे होत नाही. वारसांना विचारावे लागते.

खुले झालेले लेखन ऑनलाइन ठेवणे हे कामच आहे. बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला खंड १९७९ मध्ये आला. पण या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. कागद अडतो तेव्हा फाइल कामाला येते.

जबाबदारीही आपलीच

प्रकाशक नाही म्हणजे अडवणारा नाही, तसाच सांभाळणाराही नाही. मजकुरावर तक्रार झाली तर लेखक आणि प्रकाशक म्हणून आपले एकच नाव पुढे येते. भारतीय न्याय संहितेतली कलम १९६ (गटागटांत वैर वाढवणे), २९९ (धार्मिक भावना दुखावणे) आणि ३५६ (बदनामी) धर्मचिकित्सा करणाऱ्याला माहीत असावीत. घाबरून लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. पुरावा हाताशी ठेवून लिहावे, विचारावर आणि ग्रंथावर टीका करावी, जिवंत माणसावर आरोप करताना कागद दाखवता आला पाहिजे. ‘रिडल्स’चे प्रकरण शासनालाही झेपले नव्हते, आपण या मजकुराशी सहमत नसल्याची टीप त्याला छापावी लागली.

अत्याचाराच्या घटनांवर लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव न लिहिता गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी ओळख पटतेच. छापील पुस्तिका तालुक्यात राहते, ऑनलाइन पुस्तक तिच्या सासरपर्यंत जाते.

संपादनाबाबत आमचा आग्रह आहे की पुस्तक बाहेर काढण्यापूर्वी किमान तीन जणांनी ते वाचावे : भाषा तपासणारा एक, त्या काळाची माहिती असलेला ज्येष्ठ एक, आणि ज्याला हा विषय नवा आहे असा एक. वहीतल्या बोलीला हात लावू नये. आजोबांनी ‘व्हतं’ लिहिले असेल तर ‘होते’ करायचे कारण नाही. अवघड शब्दाची टीप खाली द्यावी. तारखा मात्र ताडून पाहाव्यात. आठवणीत साल चुकते, आणि चुकलेले साल एकदा ऑनलाइन गेले की शंभर ठिकाणी जाते.

दुसऱ्याच्या ओट्यावरचे दुकान

जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. पुस्तक होते जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण खरे होते, पण विकत घेतलेले पुस्तक घरातून उचलून नेता येते हे त्या दिवशी जगाला कळले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-बुक दुकान बंद केले, पैसे परत केले, पण लोकांची पुस्तके गेली. म्हणून एकाच ठिकाणावर विसंबू नये. एक ठिकाण विक्रीचे, एक जतनाचे, आणि मूळ फाइलच्या प्रती दोन वेगळ्या घरांत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर. खाते गटाचे असेल तर पासवर्ड दोघांकडे असावा. एक कार्यकर्ता नोकरीसाठी परगावी गेला आणि मंडळाची पाच वर्षांची अंकांची फाइल त्याच्याबरोबर गेली, असे प्रकार घडतात.

छापील प्रत अजून लागते

६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तसे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसते. माणसे चटणी-भाकरी बांधून येतात आणि पुस्तक घेऊन जातात. मोबाइल न वापरणारी आजी नातीसाठी पुस्तिका घेते. हा वाचक ऑनलाइन दुकानात नाही. पुस्तक कितीही ऑनलाइन असले तरी त्याची बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस पानी स्वस्त पुस्तिका करून या स्टॉलवर ठेवावी आणि मागच्या पानावर पूर्ण पुस्तकाचा क्यूआर कोड छापावा. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कपाटही छापील पुस्तकानेच भरते.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती घ्यावी. स्वप्रकाशन करायचे म्हणून हक्काचे अनुदान सोडायचे कारण नाही.

छापील पुस्तक काढले की १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने चार प्रती चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. न पाठवल्यास दंड आहे, तो किरकोळ आहे आणि फारसे कोणी विचारत नाही. तरी पाठवाव्यात. प्रतीसोबत एका कागदावर लेखकाचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि वही कोणत्या वर्षांतली आहे हे स्वच्छ अक्षरात लिहून जोडावे, म्हणजे सूचीत नोंद करणाऱ्याला ते शोधत बसावे लागणार नाही.